लाकडी मूठ

आदिलाबादहून हैदराबादच्या वाटेला लागलं की नेरडीगोंड्यानंतर रस्ता डोंगर उतरू लागतो आणि निर्मळच्या अलीकडे महबूब घाट येतो. काकांच्या लॉरीत बसून मी तो कितीदा उतरलो असेन. मागे कापसाच्या गाठी, पुढे वळण, आणि काकांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर. ब्रेकवर ते फारसे विसंबत नसत. वळण यायच्या आधीच क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच, आणि खालचा गिअर आवाज न करता आत. सगळे ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणत. क्वचित दात करकरले तर काकांचा चेहरा तंबोरा बेसूर लागल्यासारखा व्हायचा. "गाडी कानानं चालवायची असते, बाबू," ते म्हणत.

जगातले श्रीमंत संग्राहक आज ज्या सुपरकारसाठी एकमेकांवर चढाओढीनं बोली लावतात, त्यांचं वर्णन वाचताना मला हा घाट आठवतो. कारण त्या गाड्यांत हवंहवंसं वाटणारं जे काही आहे, ते काकांच्या हातात होतं.

अशा गाडीला अ‍ॅनालॉग म्हणतात, म्हणजे काय? चालकाचा हात-पाय आणि चाकं यांच्यामध्ये लोखंड, दांडे, तारा, तेल एवढंच. तुमची चूक सावरून घेणारा संगणक मध्ये नाही. १९८७ ते १९९२ या काळात बनलेली फेरारी एफ४० या जातीची. मागच्या बाजूला २.९ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही८ इंजिन, ४७८ अश्वशक्ती. पण पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. टर्बोची ताकद एका क्षणाच्या विलंबानं आणि मग एकदम येते, तो क्षण चालकानं आधीच ओळखायचा. त्या काळच्या फेरारींत गिअरचा दांडा चकचकीत धातूच्या खाचांच्या जाळीतून फिरतो आणि प्रत्येक गिअरला धातूचा 'टक्' ऐकू येतो. गिअरबॉक्सचं तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर अडतो. मालक सकाळी निघाले की पहिल्यातून थेट तिसऱ्यात जातात. काही जण याला दोष म्हणतील. मला तो यंत्राचा स्वभाव वाटतो, आणि स्वभाव असलेल्या वस्तूशीच माणसाचं नातं जुळतं.

गॉर्डन मरी यांनी रचलेली मॅक्लॅरन एफ१ ही या कलेचा कळस. चालक गाडीच्या मधोमध बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या मागे एकेक प्रवासी. बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही१२ इंजिन, वजन अवघं ११०० किलोंच्या थोडं वर, इंजिनच्या कप्प्याला उष्णता परतवायला सोन्याचा वर्ख. सगळ्या मिळून १०६ गाड्या बनल्या. १९९८ साली तिनं ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला, तोही हातानं गिअर टाकत.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती पोर्शेची करेरा जीटी. २००३ नंतर सुमारे तीन वर्षांत १,२७० गाड्या निघाल्या. शर्यतीसाठी आखलेलं व्ही१० इंजिन आणि फक्त १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिकचा क्लच. हा क्लच भल्याभल्यांना जुमानत नाही. सवयीनं अ‍ॅक्सिलरेटर दाबत क्लच सोडला की गाडी बंद पडते. पाय अलगद उचलून इंजिनलाच ओढू द्यावं लागतं. आणि गिअरच्या दांड्याला लाकडी मूठ. पोर्शेच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीत वजन वाचवायला बाल्सा लाकडाची मूठ होती, तिची ही आठवण. आमच्या निर्मळची खेळणी पोनिकी नावाच्या अशाच हलक्या लाकडाची होतात. कुठल्या कामाला कुठलं लाकूड, हे जाणणारे कारागीर निर्मळमध्येही आहेत आणि श्टुटगार्टमध्येही होते.

मग हे संपलं कसं? १९८९ साली फेरारीच्या शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगमागे गिअर बदलणारी दोन पाती आली, आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल तीच घेऊन जिंकला. १९९७ मध्ये एफ३५५ या रस्त्यावरच्या फेरारीत ती पाती आली. पुढे दोन क्लचांचे गिअरबॉक्स आले, आणि त्यांच्याइतक्या चटकन गिअर बदलणं कुठल्याच हाताला जमण्यासारखं नव्हतं. वेगाच्या हिशेबात जुना दांडा हरला, हे मान्यच केलं पाहिजे. २०१३ साली पोर्शेनं आपली ९११ जीटी३ सुद्धा फक्त स्वयंचलित गिअरमध्ये काढली. तेव्हा चाहत्यांनी केलेली तक्रार मला रास्त वाटते. त्यांना घड्याळातले सेकंद नको होते, वळणाआधीचा तो एक झटका हवा होता. २०१६ ची ९११ आर हातगिअरची आली, ९९१ गाड्यांचीच. आणि पुढच्या वर्षी जीटी३ मध्येही हातगिअर परत आला.

आता बाजाराकडे येतो, कारण इथेच माझा आक्षेप आहे. फेरारी ५९९ जीटीबी ही गाडी हातगिअरची अवघी ३० च्या आसपास बनली. बाकी सगळं तेच असूनही दांड्याच्या गाडीला पातीवाल्या गाडीच्या कित्येक पट भाव मिळतो. म्हणजे बाजार किंमत देतो ती चालकाच्या कौशल्याला वाव देणाऱ्या एका यंत्राला. आणि तरीही २०२१ साली कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात दोन कोटी डॉलरहून अधिक भाव मिळालेली मॅक्लॅरन एफ१ जन्मापासून चारशे किलोमीटरही चाललेली नव्हती. तिची किंमत वाढली ती तिच्या क्लचवर कुणी पाय ठेवला नाही म्हणून. हा विरोध मला सोसत नाही.

आमच्या जुन्या राज्याला हे दृश्य अनोळखी नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली, मागे सिंहासन असलेली, पिवळ्या रंगाची. १९११ साली ते वारले, गाडी नंतर आली. शतकभरात ती साडेतीनशे मैलांच्या आसपासच चालली, आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. सिंहासनाची गाडी निदान मागे बसणाऱ्यासाठी होती. एफ१ तर चालवणाऱ्यासाठीच घडवली गेली. ती उभी ठेवली की तिच्यात उरतं काय?

नव्या कारखानदारांनी हातानं गिअर टाकण्याची ही भूक ओळखली आहे. मरी यांनीच पुन्हा टी.५० केली: हजार किलोंच्या आतलं वजन, मिनिटाला १२,१०० फेरे घेणारं व्ही१२, सहा गिअरांचा खराखुरा दांडा, गाड्या फक्त १००. पगानीच्या युटोपियात सात गिअर हातानं टाकता येतात. माझ्या दृष्टीनं ही प्रामाणिक कामं आहेत. कोनिगसेगच्या सीसी८५० बद्दल माझं मन दोलायमान आहे. तिचा एकच गिअरबॉक्स कधी स्वयंचलित असतो, कधी सहा गिअरांचा. दांड्यापासून आत विजेचे संदेश धावतात, पण क्लच चुकला तर गाडी खरोखर बंद पडते. चुकीची शिक्षा खरी आहे म्हणून मी तिला कलेत धरतो. विजेच्या काही गाड्यांतले नकली गिअर मात्र मला धरवत नाहीत. ज्या महिंद्राच्या जुन्या जीपवर मी गाडी शिकलो, जिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्यानं चालत्या गाडीत तो टाकायला डबल क्लच लागायचा, त्याच महिंद्रा समूहाच्या मालकीच्या कंपनीनं बतिस्ता ही १,९०० अश्वशक्तीची विजेची गाडी काढली. तिच्यात बदलायला गिअरच नाही, आणि ती तसं सोंगही आणत नाही, हे मला आवडलं.

मराठी माणसाचा या इतिहासात वाटा आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे मागवली आणि तिची काया लंडनच्या गर्नी नटिंगकडून घडवून घेतली. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरांचं ते इंजिन म्हणजे त्या काळची सुपरकारच. पण ती भारतात राहिली नाही. आणि आज कुणी एफ४० आणू म्हणेल तर? वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. एफ४० आणि करेरा जीटी कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. म्हणून आपल्याकडचे संग्राहक एकतर राजेरजवाड्यांच्या जुन्या गाड्या जमवतात, नाहीतर शोरूममधली नवी पातीवाली सुपरकार. मधली तीस वर्षं, जी या कलेची ऐन बहराची, आपल्या संग्रहांतून जवळपास गळून पडली आहेत.

जे आपलं होतं त्याकडेही लक्ष गेलं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी छोटी गाडी, आणि २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत दिसलेली डीसी अवंती: इंजिन मध्यभागी, सहा गिअरांचा दांडा. दोन्हींत उणिवा होत्या, घडण फेरारीच्या पासंगालाही पुरत नव्हती. तरी भारतीयांनी हातगिअरची स्पोर्ट्स कार बनवण्याचे हे प्रयत्न आहेत. त्यांचे सुटे भाग, आराखडे, ती जोडणाऱ्या मेकॅनिकांच्या आठवणी कुणीतरी आत्ताच जमवायला हव्यात. राजाच्या गाडीचं नाव पुस्तकात राहतं. फिटरची युक्ती त्याच्याबरोबर जाते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या एफ४० ना पन्नास वर्षं होतील २०३७ मध्ये. माझी पुतणी तेव्हा तिशीत असेल. गेल्या दिवाळीत कापूस वेचून मोकळ्या झालेल्या वावराच्या कडेनं मी तिला जुन्या जीपवर बसवलं. चारदा गाडी बंद पडली. पाचव्यांदा तिनं स्टिअरिंगवरची नजर काढली, मान किंचित तिरपी केली आणि इंजिनाचा आवाज ऐकत क्लच सोडला.