श्यामचे श्रोते

बऱ्हाणपुरास तापीच्या राजघाटावर उभे राहिले म्हणजे पलीकडच्या तीरावरील जैनाबादची आठवण होते. १६३१ मध्ये मुमताजमहलचा अंत बऱ्हाणपुरात झाला. तिचा देह प्रथम जैनाबादेस ठेविला होता आणि काही महिन्यांनी तो आग्र्यास नेण्यात आला. बादशहाच्या शोकाला संगमरवर लाभला. अलीकडच्या पायऱ्यांवर दर्भ, तीळ आणि पिंड घेऊन बसणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या शोकाला काय लाभते? त्याला लाभतात ती माणसे. दहा-तेरा दिवस जवळ बसणारी, गेलेल्याच्या गोष्टी काढणारी.

गतवर्षी याच घाटावर आम्ही एका दशक्रियेस गेलो होतो. मुलगा तरुण, पुष्कळ दिवस मनाच्या आजाराने पीडलेला, अखेरीस त्याने स्वतःच आपले आयुष्य संपविले. विधी यथासांग झाला. परंतु मंत्रांत उच्चारले गेले तेवढे सोडल्यास, त्या मुलाचे नाव एकाही आप्तेष्टाच्या तोंडून निघाले नाही. बाप पायरीकडे पाहत होता आणि आम्ही सारे नदीकडे. आम्हीही काही बोललो नाही. ही रुखरुख घेऊन घरी आल्यावर आम्ही साने गुरुजींचे 'श्यामची आई' पुन्हा वाचावयास घेतले.

गुरुजींची आई १९१७ साली वारली. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी हे पुस्तक लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीस ते पुरे केले. सोळा वर्षे मनात साठलेले दुःख पाच दिवसांत कागदावर उतरले. मराठी घरांत ते संस्काराचे पुस्तक म्हणून वाचले जाते. टीकाकारांनी त्याला रडके म्हणून नावे ठेविली. आमच्या मते दोन्ही पक्षांची नजर आईवर व अश्रूंवर खिळली आणि पुस्तकाच्या रचनेकडे दुर्लक्ष झाले. हे शोकाचे पुस्तक आहे, आणि त्याचा खरा आधार आहे तो श्यामच्या श्रोत्यांचा. आश्रमातील सोबती रोज रात्री प्रार्थनेनंतर जमतात, श्याम बोलतो, ते ऐकतात. अशा बेचाळीस रात्री. 'पुरे झाले आता, विसरा' असे म्हणून कोणी त्याला उठवीत नाही. 'भस्ममय मूर्ती' आणि 'आईचे स्मृतिश्राद्ध' ही अखेरची प्रकरणे वाचवतात, याचे कारण तोवर आपणही त्या मंडळात बसलेलो असतो.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. श्यामची आई आजाराने गेली. तिच्यासाठी मोकळेपणाने रडता येते. त्या मरणात लाज नाही, 'असे का केले?' हा प्रश्न नाही, 'आपल्या ध्यानात कसे आले नाही?' हा स्वतःवरचा आरोपही नाही. राजघाटावरच्या त्या बापाच्या वाट्याला हे सारे आले होते. श्यामचे अश्रू त्याला पुरणार नाहीत. श्यामचे श्रोते मात्र त्याला हवे आहेत.

आणि याच ठिकाणी मराठी वाचकाला स्वतःकडे पाहावे लागते. कोकणातील पालगडास जन्मलेले, खानदेशात अमळनेरास मुलांचे गुरुजी झालेले, १९४७ साली पंढरीच्या विठ्ठलमंदिराची दारे सर्वांस उघडावीत म्हणून प्राण पणास लावणारे साने गुरुजी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हातानेच गेले. त्यानंतर एका बाजूने त्या मृत्यूला बलिदानाचे तेज चढविण्यात आले, दुसऱ्या बाजूने तो वगळून चरित्र सांगण्यात आले. दोन्ही वाटा आम्हांस अमान्य आहेत. अशा मृत्यूला एकच कारण नसते. म्हणून ते शोधून कोणाच्या माथी मारू नये. त्याचा गौरवही करू नये, कारण वाचणारांत आज तीच वेदना सोसणारा कोणी असेल. आईचे दुःख ज्याने एवढ्या श्रोत्यांस सांगितले, त्यालाही एकाकी वेदना गाठू शकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या व्यवसायातला एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दंड संहितेचे कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न करणारास अपराधी ठरवीत असे. एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या उपचाराचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते सर्वसाधारण कलम उरलेच नाही. आणि आमच्या धर्मशास्त्राने दुर्मरणासाठी नारायणबली सांगून अशा जिवालाही उत्तरक्रियेचे दार मोकळे ठेविले आहे. कायदा बदलला, शास्त्राने वाट ठेविली. अडून बसली आहे ती आमची जीभ.

ज्याच्या स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील, त्याने ते जवळच्या माणसाला आणि वैद्याला सांगावेत. शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

पुस्तक मिटल्यावर चार दिवसांनी आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. म्हणून मुलाचे नाव घेऊन, "त्याच्याविषयी काही सांगा," एवढेच म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग लहानपणी तो घाटावरून घरी यावयास कसा तयार नसे, येथून त्यांनी आरंभ केला. निघताना त्यांनी विचारले, "उद्या याल ना?"

आम्ही गेलो.