आधी देव की आधी सेवा? रमाबाईंची 'साक्ष' वाचताना

ख्रिस्ती समाजसेवेवर काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'देवाशी असलेल्या जवळिकीतून त्यांना सेवेची प्रेरणा मिळाली.' वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात एक कारण आहे आणि एक परिणाम आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? म्हणजे हे कार्यकारणाचं विधान झालं. अशा विधानाला पहिला प्रश्न विचारायचा तो तारखांचा: कारण आधी घडलं की परिणाम?

पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिलेली 'अ टेस्टिमनी', म्हणजे 'साक्ष', ही छोटी इंग्रजी पुस्तिका या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. बहुतेक चरित्रं तिच्याकडे प्रेरणेचा पुरावा म्हणून बोट दाखवतात. नीट वाचली तर ती त्या सोप्या वाक्याला जागोजागी अडवते.

आधी पुस्तिकेच्या बाहेरच्या दोन तारखा घ्या. 1882 मध्ये रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी केली. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये. म्हणजे स्त्रियांसाठी काम करायची तळमळ ख्रिस्ती होण्याआधीची आहे. ती कुठून आली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेलेले त्यांनी पाहिले होते, आणि 1882 मध्येच लहान मुलगी पदरात असताना वैधव्यही आलं होतं.

आता 'साक्षी'मधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. इंग्लंडमधल्या ख्रिस्ती भगिनींनी रमाबाईंना आपलं काम दाखवलं. लंडनच्या फुलहॅम भागातल्या आश्रमात समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळलं जात होतं. अशा स्त्रियांसाठी आपल्याकडे कुणी असं काही केल्याचं रमाबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

इथे जरा थांबा. आपल्या वाक्यात बाण देवाकडून सेवेकडे जातो. इथे तो उलटा फिरलाय. आधी दुसऱ्यांनी केलेली सेवा दिसली, मग तिच्यामागचा देव कोण असा प्रश्न पडला.

पुढे बाण आणखी वाकडा होतो. मुंबईत शारदा सदन 11 मार्च 1889 ला सुरू झालं. आणि 'साक्षी'त रमाबाई स्वतः सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. म्हणजे साधारण 1891. ज्याला आपण 'देवाशी जवळीक' म्हणतो तो अनुभव, त्यांच्याच हिशेबाने, सदन सुरू झाल्यावर दोन वर्षांनी आला! मग सदनाची प्रेरणा त्या जवळिकीतून आली असं कसं लिहिणार?

एवढं कळलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: 'त्या मुळातच सुधारक होत्या, देव ही नंतरची सजावट.' हेही आळशी वाचन आहे, आणि मला तर ते पहिल्यापेक्षा जास्त खटकतं, कारण त्यात बाईंचं स्वतःचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नसतं. विचारायचं असं की 1891 नंतर कामात काय बदललं?

बदलले ते लोक. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होतं आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. तिथे जातीची चाळणी लावणं शक्यच नव्हतं. त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. पुढे तिथेच कृपा सदन निघालं, फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्याच स्त्रियांसाठी. माझं वाचन असं आहे: सेवा करायची की नाही, हे देवाशी जवळीक होण्याआधीच ठरलेलं होतं. आपलं माणूस कोणाला म्हणायचं, ते कुंपण मात्र त्या जवळिकीने हलवलं. अर्थात इथेही सावध राहा. मध्य प्रांताकडे त्यांना ओढून नेण्यात स्वतःच्या तरुणपणीच्या उपासमारीची आठवणही होती, हे त्यांनीच लिहिलंय. एकाच कृतीला दोन कारणं असतील तर दोन्ही लिहा. नीटनेटक्या प्रकरणासाठी एक गाळू नका.

याच कुंपणाचा एक वेगळा पुरावा भाषेत सापडतो. संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. तेही संस्कृतप्रचुर मराठी टाळून, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. भक्तीचा अभ्यास करताना भावनेच्या शब्दांपेक्षा असा शब्दसंग्रह कितीतरी जास्त सांगून जातो.

आता साधनाची मर्यादा. साक्ष हा ठरलेल्या घाटाचा प्रकार आहे: आधी अंधार, मग प्रकाश. ही पुस्तिका बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ पाव शतकाने आणि मुक्तीमध्ये 1905 ला झालेल्या मोठ्या धार्मिक पुनरुज्जीवनानंतर लिहिलेली आहे. त्या उजेडात मागचं आयुष्य वेगळं दिसणारच. म्हणून ती एकटी वाचू नका. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला पत्रव्यवहार 1977 मध्ये प्रसिद्ध झालाय. त्यात इंग्लंडमधल्या भगिनींशी त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर कडाडून वाद घालणाऱ्या रमाबाई भेटतात. 'साक्षी'तल्या शांत आवाजापेक्षा हा आवाज खूप वेगळा आहे.

आणि एक अडचणीचा मुद्दा, जो श्रद्धाळू अभ्यासक टाळतात आणि विरोधक फक्त तेवढाच धरून बसतात. 1893 मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात या वादातून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार बंद करणार नाही, जबरदस्तीही करणार नाही. मला हे म्हणणं प्रामाणिक वाटतं. पण दुष्काळातून उचलून आणलेली मुलगी, जिला अन्न, कपडा, छप्पर सगळं एकाच हाताने मिळतंय, ती त्या उघड्या दारातून आत गेली तर तिची निवड किती मोकळी होती? हे रमाबाईंच्या हेतूवरून ठरत नाही. देवाच्या जवळ गेलेल्या माणसाचं प्रेम खरं असू शकतं, आणि तरी ते मिळणाऱ्याला 'नाही' म्हणणं जड जाऊ शकतं. या दोन गोष्टी एकाच प्रकरणात शेजारी ठेवता आल्या पाहिजेत. 'साक्ष' रमाबाईंची आहे, त्या मुलींची नाही.

काम सुरू करताना पत्रव्यवहार आधी वाचा, 'साक्ष' नंतर, आणि त्यांच्या जोडीला मीरा कोसंबी यांनी संपादित केलेलं रमाबाईंचं निवडक लेखन हाताशी ठेवा. समासात प्रत्येक प्रसंगापुढे दोन वर्षं लिहायची: तो घडला ते, आणि तो लिहिला गेला ते.