टाके, माती आणि घोड नदी

जुन्नर-आंबेगावच्या आपल्या काही माहेरवाशिणी इथं परदेशात मातीकाम करतात. त्यांची भांडी आणि फरशा पाहून पुष्कळांनी विचारलं, ‘यात पैठणीचा मोर कुठाय?’ मोर नाही, आणि मला तेच आवडलं. मोर-कुयरी दिसली की आपण ‘वा!’ म्हणतो आणि पुढं सरकतो. या बायकांनी गोधडीचा धावदोरा उचलला.

माती लाटायची, तिच्यावर गोधडीचा तुकडा पसरायचा आणि वरून पुन्हा लाटणं फिरवायचं, की टाका न् टाका उमटतो. खणाची वीण बारीक. त्यासाठी माती थोडी आवळू द्यावी लागते, नाहीतर नक्षी फिसकटते. दुसरी रीत धाडसाची. कापड मातीच्या पातळ घोळात बुडवून, आकार देऊन, वाळवून भट्टीत ठेवतात. कापड जळून जातं, चुण्या मातीत राहतात. युरोपात चिनी मातीच्या बाहुल्यांचे लेसचे झगे असेच घडवत. इथं मात्र बाहुलीच नाही. नऊवारीचा काष्टा आहे, खोचलेला पदर आहे, आत बाई नाही. ती रिकामी जागा पाहताना मी बराच वेळ थांबलो.

बिनचेहऱ्याची बाई आपल्या घोड नदीला नवी नाही. ही नदी आंबेगावच्या डोंगरातून निघून शिरूरकडे जाते. तिच्याच काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, कच्च्या मातीची, शिर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली. सोबत बैल होता. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. त्या काळच्या, जोर्वे नावानं ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघा, जाळ्या, चौकटी आहेत. त्या विणकामातून आल्या असतील, असा माझा आपला तर्क. पुढं जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिकेला यज्ञ आणि दानं नोंदवायला दगड मिळाला. ती राणी होती. बाकीच्या बायकांच्या वाट्याला माती आणि सूत.

घोड नदीकाठच्याच चांडोलीला जवसाच्या धाग्यात ओवलेले तांब्याचे मणी सापडले. तांब्याच्या संगतीनं एरवी कुजणारा धागा टिकतो. आपल्यातल्या एकीनं गोधडीच्या टाक्यांच्या खाचांत तांब्याचा ऑक्साइड भरला होता. भट्टीतून टाके हिरवे निघाले. चांडोलीची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. रंग हिरवा का, एवढंच ती मला समजावत होती.