हलता पडदा आणि खरा पडदा

संगणकाच्या पडद्याची चर्चा बहुधा त्याच्या रूपाविषयी होते, वर्तनाविषयी क्वचितच होते. वापरणाऱ्याने बटण दाबले, काम दीर्घकाळ चालले आणि तेवढा वेळ पडदा निश्चल राहिला, तर काम चालू आहे की यंत्र बंद पडले आहे, हे त्या बिचाऱ्यास कळावे कसे? हा दोष वेगाचा नसून रचनेचा आहे. त्यावर योजलेला एक प्रसिद्ध उपाय कितपत पुरा पडतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

मनुष्य किती वेळ वाट पाहू शकतो, याचे विवेचन रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली केले होते. पुढे १९९३ साली याकोब नील्सन यांनी तीन मर्यादा सांगितल्या. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर मिळाले तर ते तत्काळ मिळाल्यासारखे वाटते. एका सेकंदापर्यंत विचाराचा ओघ टिकतो. दहा सेकंदांनंतर लक्ष अन्यत्र वळते. अर्थात दीर्घ काम दहा सेकंदांत संपलेच पाहिजे असे नाही. वापरणाऱ्याच्या हाकेला ओ मात्र तत्काळ मिळाली पाहिजे.

जावा भाषेतील स्विंग या साधनसंचाचे उदाहरण घेऊ. १९९८ साली जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर तो प्रचारात आला. त्यात कळ दाबणे, माउस हलवणे, पडदा पुन्हा रंगवणे या सर्व घटना एका रांगेत उभ्या राहतात आणि एकच थ्रेड त्या क्रमाने हाताळतो. अनेक थ्रेडांनी पडद्याला एकदम हात घातल्यास ते एकमेकांस अडवून बसण्याचा धोका असतो. म्हणून हा निर्बंध युक्तच आहे. परंतु त्याच थ्रेडावर दीर्घ काम सोपविले, तर पंगतीत वाढणाऱ्यालाच चुलीपाशी बसविल्यासारखे होते. पाने मांडलेली, मंडळी हाका मारीत आहेत, आणि ऐकावयास कोणी नाही!

२००६ साली जावाच्या सहाव्या आवृत्तीत आलेल्या स्विंगवर्कर या वर्गाने आचारी आणि वाढपी वेगळे केले. दीर्घ काम पार्श्वभूमीतील थ्रेडावर चालते. मधले निष्कर्ष आणि शून्य ते शंभर या प्रमाणातील प्रगती घटनांच्या थ्रेडाकडे पोचते. ही रचना सुबोध आहे, यात संशय नाही. तथापि तिच्यामुळे प्रश्न सुटला असे मानणे घाईचे ठरेल.

प्रगतीचा आकडा हा वर्ग स्वतः मोजीत नाही. प्रोग्राम लिहिणारा जो देईल तोच तो पोचवितो. नव्याण्णवावर येऊन ताटकळणारी पट्टी हे त्याचे परिचित फळ होय. रद्द करण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘रद्द करा’ म्हणताच काम संपल्याची नोंद होते. प्रत्यक्ष काम मात्र, त्याने स्वतः मधूनमधून ही सूचना तपासली नाही किंवा थ्रेडाला दिलेला व्यत्यय मानला नाही, तर चालूच राहते. समजा, हजारो हस्तलिखितांच्या छायाचित्रांची नावे बदलण्याचे काम संशोधकाने मध्येच रद्द केले. पडदा म्हणतो, थांबले. आत नावे बदलतच आहेत. त्या विश्वासावर त्याने तेच काम पुन्हा सुरू केले, तर संग्रहाची जी दशा होईल तीस जबाबदार कोण? निश्चल पडद्याने त्यास निदान फसविले तरी नसते.

या प्रवृत्तीचे टोक विंडोज एक्सपीमध्ये दिसले. एखाद्या खिडकीने काही सेकंद प्रतिसाद दिला नाही, की तिच्या जागी प्रणाली तिचीच छाया उभी करी. ती सरकविता येई, बंद करता येई. आत मात्र काहीच जिवंत नसे. परंतु त्या छायेच्या शीर्षकावर ‘प्रतिसाद नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असे. तेवढ्यापुरती ती छाया अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

तात्पर्य, काम दुसऱ्या थ्रेडावर नेणे ही केवळ पूर्वतयारी होय. खरे कार्य त्यापुढचे आहे: काम तुकड्यांत विभागणे, प्रत्येक तुकड्याअखेर रद्द करण्याची सूचना तपासणे, आणि ते खरोखर थांबेपर्यंत ‘थांबवीत आहे’ एवढेच सांगणे. आपले विद्यार्थी पहिली गोष्ट चटकन शिकतात. परीक्षकांनी यापुढे त्यांस दुसरीविषयी विचारावे.