सागरतळाची साक्ष आणि इनामगाव

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. त्याचा अहवाल ढवळीकर, सांकळिया व अन्सारी ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. इ. स. पू. १४०० ते १००० ह्या पूर्व जोर्वे काळात तेथे चौकोनी घरे व पाण्याचा पाट आढळतो, पुढे इ. स. पू. ७०० पर्यंतच्या उत्तर जोर्वे काळात गोल झोपड्या दिसतात आणि शिकारीवरील भिस्त वाढते. पर्जन्यमान घटल्याने ही अवनती झाली, असे ढवळीकरांचे प्रतिपादन. त्यास अरबी समुद्राच्या तळातील सूक्ष्मजीवांचा दाखला जोडण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. तो दाखला हा भार कितपत पेलतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांतील अनेकांची कवचे चुन्याची असून ती गाळात थरावर थर साठत जातात. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही जाती खालून वर येणाऱ्या थंड, पोषक पाण्यात वाढते. ओमानच्या किनाऱ्यालगत असे पाणी उन्हाळी नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे वर येते. म्हणून तिचे प्रमाण वाढले की वारे प्रबळ होते, असा अर्थ लावतात. गुप्ता, अँडरसन व ओव्हरपेक ह्यांनी २००३ साली ह्याच मार्गाने गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतील मोसमी वाऱ्यांचे चढउतार मांडले. त्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे.

परंतु चिन्ह कशाचे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकास टाळता येत नाही. ही कवचे प्रथमतः पाण्याविषयी बोलतात, पाण्यावरून वाऱ्याविषयी, आणि वाऱ्यावरून पावसाविषयी. शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत आहेत. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडत असता येथे आभाळ कोरडे राहू शकते, आणि येथील पिकांचे भवितव्य पुष्कळदा परतीच्या पावसावर ठरते. ओमानच्या वाऱ्यावरून घोडकाठच्या पावसाचे अनुमान करणे म्हणजे एका बोलीतील रूपावरून दूरच्या बोलीतील उच्चार ठरविणे होय: शक्य, पण मधले दुवे दाखविल्यावाचून ग्राह्य नव्हे.

दुसरी अडचण अनेकार्थतेची आहे. कवचातील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून एमिलियानी ह्यांनी १९५५ साली प्राचीन तापमान काढले. त्या आकड्यांत हिमसंचयाचा वाटा मोठा असल्याचे शॅकलटन ह्यांनी १९६७ साली दाखविले. एकाच चिन्हात दोन अर्थ मिसळले होते. पुढे त्याच कवचांतील मॅग्नेशियम व कॅल्शियम ह्यांच्या गुणोत्तरावरून तापमान स्वतंत्रपणे काढता येऊ लागले, तेव्हा हे अर्थ वेगळे करणे शक्य झाले. दुसऱ्या साक्षीदाराने उलटतपासणी केली की पहिल्याची साक्ष सुधारते, हा येथील धडा.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. गोल झोपड्या व वन्य प्राण्यांची हाडे ह्यांवरून अवर्षण मानावयाचे, आणि मग त्याच अवर्षणाने झोपड्यांचे स्पष्टीकरण द्यावयाचे, हे चक्र आहे. सागरतळाची साक्ष हे चक्र तोडू शकेल. पण ती इनामगावचा निष्कर्ष आधी मनात धरून वाचली तर ते अधिकच घट्ट होईल. कालगणनेतही सावधगिरी हवी. सागरी कवचांच्या कार्बन-कालमापनास दुरुस्ती लागते आणि तळावरील प्राणी गाळ ढवळतात. म्हणून शतकभराचा नेमका मेळ दिसला तरी तो सिद्ध मानता येत नाही.

तुलनात्मक व्याकरणात पुनर्रचित रूपापुढे तारकाचिन्ह घालण्याची शिस्त आहे. ते रूप कोणी ऐकलेले नाही, हे वाचकास त्यावरून कळते. ‘इ. स. पू. १००० च्या सुमारास शिरूर भागात पाऊस घटला’ ह्या विधानापुढेही तूर्त तशीच तारका हवी. ती नसेल तर, ज्यांनी पाट बांधून पाणी अडविले ते इनामगावचे लोक आपल्या लेखनात केवळ हवामानाचे बळी म्हणून उरतील, आणि त्यांनी केलेल्या निवडींचा विचारच खुंटेल. घोडकाठच्या गाळाचे स्वतंत्र वाचन समुद्राच्या वाचनाशेजारी ठेवणे, हाच ती तारका पुसण्याचा मार्ग होय.