‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे सुस्थिती? : बीजीपी शेजार-तपासणीची चिकित्सा

इंटरनेटवरील स्वायत्त जाळी परस्परांना मार्ग कळवितात ते बीजीपी या प्रोटोकॉलद्वारे. शेजारच्या राउटरशी असलेले सत्र जिवंत आहे काय, हे पाहणारी साधने बहुधा एकच आकडा वाचतात. २००६ च्या प्रमाणकानुसार सत्राच्या सहा अवस्था असून ‘एस्टॅब्लिश्ड’ ही सहावी. सहा हा आकडा आला की पडद्यावर हिरवा दिवा लागतो.

प्रथम खटकते ती शब्दयोजना. तिसरी अवस्था ‘ॲक्टिव्ह’. नवखा तंत्रज्ञ हा शब्द वाचून निर्धास्त होतो. वस्तुतः तेथे सत्र जुळलेलेच नसते, राउटर अद्याप जोडणीच्या प्रयत्नात असतो. सिस्कोच्या राउटरवर तर सत्र जुळताच त्याच रकान्यात अवस्थेऐवजी मिळालेल्या मार्गांची संख्या उमटते. ती शून्य असली तरी केवळ अवस्था पाहणारे साधन तक्रार करीत नाही.

याहून गंभीर उणीव २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसली. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी योजलेला यूट्यूबचा मार्ग बाहेर गेला, पीसीसीडब्ल्यूच्या जाळ्याने तो पुढे पाठविला आणि सुमारे दोन तास जगातील अनेक भागांतून यूट्यूब दिसेना. चुकीचा मार्ग पसरण्यासाठी सत्र ‘एस्टॅब्लिश्ड’ असणे ही पूर्वअटच होय. कारण अन्य कोणत्याही अवस्थेत मार्गांची देवाणघेवाण होत नाही. म्हणजे अनर्थ घडत होता तो हिरव्या दिव्याखालीच. शेजारी बोलतो आहे एवढेच हे साधन सांगते; तो काय बोलतो, हे पाहण्यासाठी मार्गसंख्येतील चढउतार आणि आरपीकेआयद्वारे मार्गाच्या उगमाची पडताळणी यांची जोड त्यास द्यावी लागते.