स्तुती न करणारा स्पीकर

'बाबा ओ'रायली' हे 'द हू' या ब्रिटिश बँडचं १९७१ मधलं गाणं. त्यातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा. नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावाजवळ मेहेराबाद लागतं, तिथे त्यांची समाधी आहे. 'रायली' म्हणजे टेरी रायली, छोट्या स्वरवाक्यांच्या आवर्तनांतून संगीत उभं करणारा अमेरिकन संगीतकार. गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी होता. नगरशी असलेलं हे नातं सांगायला छानच आहे, पण घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. गाण्याच्या सुरुवातीला कारंज्यासारखा उसळत राहणारा तो ऑर्गन टाउनशेंडने घरी रेकॉर्ड केला होता. लाउरी कंपनीचा, दिवाणखान्यात ठेवायचा ऑर्गन. पुढे लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत बँडने त्या घरगुती रेकॉर्डिंगवरच ड्रम, गिटार आणि आवाज चढवले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, टाउनशेंडचा 'हू केम फर्स्ट' हा अल्बम आला. मेहेरबाबांच्या अनुयायांसाठी काढलेल्या छोट्या आवृत्तीच्या रेकॉर्ड्समधून तो वाढला. बराचसा घरच्या स्टुडिओत केलेला, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवलेली. मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर आधारलेलं 'परवरदिगार' हे गाणं त्यात शेवटी येतं. आज हेडफोन लावून हा अल्बम ऐकला तर त्याच्या मर्यादा लगेच कळतात. ड्रम जेमतेम आहेत, बँडचा दणका नाही. पण आवाज समोर बसून गायल्यासारखा येतो आणि शब्द न शब्द लागतो. यातलं 'प्युअर अँड ईझी' बँडनेही वाजवलं, ते १९७४ च्या 'ऑड्स अँड सॉड्स'मध्ये आहे. बँडचं गाणं मोठं वाटतं, घरचं जवळचं वाटतं. मला घरचं जास्त पटतं, कारण त्यात कुणीही कुणाच्या अंगावर चढून बसलेलं नाही.

हा तोल घरी साधायचा तर स्वतःचं काम कसं झालंय ते नीट ऐकू यावं लागतं. आज सावेडी, केडगाव, भिंगार, कुठेही एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप आणून स्टुडिओ थाटता येतो. १९७१ मध्ये श्रीमंत रॉकस्टारकडे असलेल्या सोयींपेक्षा जास्त सोयी त्यात असतात. अवघड राहिलंय ते पारखणं. आणि घरच्या स्टुडिओत पारखण्याचं काम ज्याच्या भरवशावर चालतं तो म्हणजे मॉनिटर स्पीकर.

'मॉनिटर' हा शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, हे त्याचं काम. स्टुडिओतला मॉनिटर तेच करतो. कोणतं वाद्य नको तिथे बोलतंय, कुठे 'स' शिट्टी मारतोय, कुठे पंख्याची घरघर माइकमध्ये शिरलीय, त्यांची नावं त्याने फळ्यावर लिहायची. वर्गातल्या मित्रांची नावं खोडणारा मॉनिटर सगळ्यांना आवडतो, पण बाईंच्या काही कामाचा नसतो. घरातला होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकर असा असतो. तो बास फुगवतो, ट्रेबलला चकाकी देतो आणि रात्री दोन वाजता आपल्याला सांगतो की तू थोर आहेस. सकाळी तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की आवाज गोणपाटाआडून येतो.

या बाबतीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट यामाहाच्या 'एनएस-१०' ची आहे. १९७८ मध्ये हा स्पीकर घरी गाणी ऐकण्यासाठी म्हणून बाजारात आला आणि पडला. लोकांना त्याचा आवाज रुक्ष वाटला. पण स्टुडिओवाल्यांनी तो उचलला आणि पुढची दोन दशकं जगभरच्या मिक्सिंग टेबलांवर त्याचे पांढरे कोन दिसत राहिले. तो इतका टोचायचा की बॉब क्लिअरमाउंटनसारखे नावाजलेले इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून काम करायचे. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी त्याची मोजमापं मांडली. त्यांतून दिसलं की त्याचा प्रतिसाद अजिबात सपाट नव्हता, पण आवाज थांबला की तो पटकन थांबायचा. मागे घुमार ठेवायचा नाही. त्यामुळे तालातली गफलत आणि मधल्या पट्टीतली गर्दी त्यावर लपत नसे.

या गोष्टीचा अर्थ 'वाईट स्पीकर घ्या' असा लावणारेही आहेत. तो चुकीचा आहे. खरा धडा असा की स्पीकर आवडतो का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. तो काय लपवतो, हे विचारायचं. आणि तो जे लपवतो किंवा वाढवून सांगतो ते आपल्याला पाठ झालंय का, हेही विचारायचं. एनएस-१० वर काम करणाऱ्यांना त्याचे दोष पाठ होते. घरातल्या म्हाताऱ्या आत्याचं बोलणं कुठे दोन आणे कमी करून घ्यायचं हे माहीत असतं, तसं.

आता खरेदीकडे येऊ. आजकाल खरेदी सुरू होते यूट्यूबवरच्या परीक्षणांपासून. समोर दोन जोड्या ठेवलेल्या, माणूस आळीपाळीने दोन्हीवर तेच गाणं लावतो आणि आपण फोनवर ऐकून ठरवतो की दुसरी जोडी 'क्लिअर' आहे. इथे आपण काय ऐकतोय? त्याच्या खोलीत वाजलेला, त्याच्या माइकने टिपलेला स्पीकर आपल्या फोनच्या स्पीकरवर. दुसऱ्याचा चष्मा कसा आहे हे स्वतःच्या चष्म्यातून बघण्यातला हा प्रकार. अशा व्हिडिओंतून मापं, मागची बटणं, जोडणी एवढी माहिती घ्यावी. निकाल घेऊ नये.

या परीक्षणांत सहसा न येणारी वस्तू म्हणजे तुमची खोली. नगरच्या बऱ्याच घरांत स्टुडिओच्या वाट्याला येते ती दहा बाय दहाची खोली, वर दहा फुटांवर स्लॅब. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकतो आणि घुमतो. त्याच्या दुप्पट, ११२ लाही तेच. खोली चौकोनी ठोकळा असेल तर लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही एकाच स्वराला चढवतात. भिंतीला टेकून ऐकलं तर तो बास दुप्पट वाटतो. खोलीच्या बरोबर मध्ये बसलं तर ५६ हर्ट्झ जवळपास गायब. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमार आणि बेस गिटारचे खालचे सूर याच टापूत असतात. मग मध्ये बसलेला माणूस बास वाढवतो, भिंतीशी बसलेला कमी करतो आणि दोघेही स्पीकरला दोष देतात.

म्हणून अशा खोलीत आठ इंची वूफरचा हट्ट मला पटत नाही. यामाहाच्याच आजच्या मालिकेतला आठ इंची 'एचएस-८' कंपनीच्या आकड्यांनुसार ३८ हर्ट्झपर्यंत उतरतो, पाच इंची 'एचएस-५' ५४ पर्यंत. कागदावर मोठा जिंकतो. दहा बाय दहात मात्र तो जास्तीचा बास खोलीच्या हवाली होतो आणि खोली त्याचा चिखल करते. लहान खोलीला पाच इंची जोडी पुरे. अगदी खालचं तपासायला एक बरा हेडफोन जवळ ठेवावा.

मांडणी तर फुकट आहे. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा, ट्वीटर कानाच्या उंचीला. स्पीकर कोपऱ्यात कोंबायचे नाहीत. मागच्या भिंतीपासून स्पीकरचं तोंड एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपासचा बास खाऊन टाकतो. म्हणून लहान खोलीत ते भिंतीजवळच ठेवावेत, मागे वीतभर जागा सोडून, आणि पाठीमागच्या बटणाने बास थोडा उतरवावा. भिंतीवर चिकटवायचा इंचभर जाडीचा फोम दिसतो स्टुडिओसारखा, पण १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला फोम दिसतसुद्धा नाही. त्यापेक्षा कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी आणि पुस्तकांनी भरलेलं शेल्फ बरं.

आणि आवाज किती ठेवायचा? १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात तो वर येतो. म्हणून आवाज वाढवला की कुठलंही गाणं भारी वाटतं. खुशमस्कऱ्या स्पीकर विकत घ्यायची गरजच नाही, व्हॉल्यूमचं बटण तेच काम करतं. शेजारी बसलेल्याशी ओरडावं न लागता बोलता येईल, एवढ्या आवाजात बहुतेक काम करावं. शेजारच्या काकूही सुखी राहतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. लोक फोनवरच ऐकणार, मग फोनवरच मिक्स का करू नये? 'सैराट'च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद रेकॉर्ड केला. ती गाणी असंख्य लोकांनी फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकली. मग तो खर्च वाया गेला का? गेला नाही. फोनवर वाद्यवृंदाचा पसारा येत नाही, पण कुठलं वाद्य कधी बोलणार आणि कधी गप्प बसणार, हे आधीच ठरलेलं असतं. ते ठरवायला सगळं ऐकू येणारी जागा लागते. फोन निकाल सांगतो, उत्तर कुठे चुकलं ते सांगत नाही. तेव्हा शेवटी फोनवर ऐकायचंच, गाडीत, रिक्षात, जमलं तर गणपतीच्या मंडपातही. पण दुरुस्ती करायला परत मॉनिटरसमोर बसायचं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शब्दांसाठी. शाहीर अनंत फंदी याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे. तमाशातल्या कांताबाई सातारकरांनीही संगमनेरलाच घर केलं. फंदींच्या काळात माइक नव्हता. डफ-तुणतुण्याच्या वर शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, ही त्या कलेतली पहिली अट होती. आज आपल्याकडे यंत्रं आली आणि तीच अट सुटली. यूट्यूबवर नव्याने चढणारी भीमगीतं, भक्तिगीतं, रॅप ऐकताना वारंवार जाणवतं की लिहिणाऱ्याकडे सांगायला काहीतरी आहे, गाणाऱ्याचा गळा चांगला आहे, आणि पहिल्या कडव्यातच बासने दोघांचा गळा धरलाय. 'ळ' कुठे गेला कळत नाही, 'श' आणि 'स' एक झालेत. ऐकणाऱ्याला वाटतं गाणंच सुमार आहे. खरं तर रात्री स्पीकरने 'मस्त झालंय' म्हटलं आणि कुणीही त्याच्याशी वाद घातला नाही.

म्हणून जोडी घेताना आपल्या पाठ असलेली चार गाणी घेऊन जा. एक नुसत्या आवाजाचं, एक ढोलकीचं, एक भरगच्च वाद्यांचं आणि एक स्वतःचं. ओळखीच्या गाण्यात आजवर न ऐकलेला श्वास, तारेवरचं बोट, एखादी चूक ऐकू आली, तर त्या जोडीचा विचार करा. स्वतःचं गाणं ऐकून थोडं ओशाळायला झालं, तर ती घ्या. घरी आणल्यावर महिनाभर तिच्यावर दुसऱ्यांची गाणी ऐका, मिक्स करू नका. तिचा स्वभाव कळला की कामाला लागा. बाकी गाडी, रिक्षा आणि मंडप आहेतच, पण त्यांनी चूक दाखवण्याआधी ती तुमच्या खोलीत फळ्यावर लिहिली गेलेली असावी.